खिळ्यावरची हिरवी झेंडी

१

मनू समोर दिसत होती, म्हणून सासऱ्यांच्या फोनचा अर्थ श्रेयाच्या डोक्यात शिरलाच नाही.

लोअर परळच्या ऑफिसात जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तिने रोजच्यासारखं ‘चिंचपोकळी लाइव्ह’ लावून ठेवलं होतं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसणारे रूळ, पलीकडचा पादचारी पूल, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या. जगभरचे गाडीवेडे ते गाड्यांसाठी बघायचे. श्रेया बघायची ती चित्राचा डावा कोपरा. तिथे गॅलरीचा तुकडा यायचा आणि त्या तुकड्यात दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसून तिची पाच वर्षांची लेक इंजिन चालवायची.

आत्ताही चालवत होती. पिवळा फ्रॉक, उडणारी झुलपं.

“श्रेया,” नानांचा आवाज कापरा होता, “मनूला तू घेऊन गेलीस काय गं?”

“मी? नाना, मी ऑफिसात आहे. आणि मनू गॅलरीत आहे की! मला दिसतेय.”

“नाही गं पोरी. मी गॅलरीतच उभा आहे. क्रेटमध्ये हात घालून बघितला. रिकामा आहे.”

श्रेयाने स्क्रीनकडे पाहिलं. मनूने इंजिनाची शिट्टी मारली. तिच्या मागे गॅलरी रिकामी होती. नाना कुठेच नव्हते.

२

टॅक्सीत बसल्यावरही तिने मोबाइलवर तेच लावलं. नजर हटवली तर मनू खरंच नाहीशी होईल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं होतं. चित्राशेजारी बघणाऱ्यांच्या गप्पा सरकत होत्या. कुणी जर्मनीचा, कुणी जबलपूरचा. एकाने लिहिलं होतं, ‘नाना, ह्या गाडीला काल पण हेच इंजिन होतं ना? नंबर तोच!’ श्रेयाने ते वाचलं आणि सोडून दिलं. पोर हरवलेल्या बाईला इंजिनाचं काय पडलंय!

हा कॅमेरा म्हणजे नानांचा, रमाकांत नानांचा, दुसरा संसार. पहिला संसार गिरणी बंद पडल्यावर पतपेढीतल्या नोकरीने तारला, बायको गेली, मुलगा उन्मेष जहाजावर लागला. तेव्हापासून नाना आणि ही खिडकी. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाला एक फोटो बदलायचा, तरी लोक बघायचे. मग चालतं चित्र आलं. मग ते दाखवणारा प्रोग्रामच जगभरातून बंद झाला आणि नानांचे निम्मे प्रेक्षक हरवले. मग आणखी एक साइट, आणखी एक पत्ता, पुन्हा गळती. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या हितेंद्रने नवीन सगळं बसवून दिलं. चित्र लख्ख झालं, पण नाना कुरकुरले होते, “पूर्वीचं चित्र खडबडीत होतं, पण ताजं होतं. हे गुळगुळीत आहे आणि शिळं. गाडी खालून धडधडत जाते नि स्क्रीनवर अर्ध्या मिनिटाने येते.”

ह्या खिडकीची एक रीत होती. कुणी पाहुणा मुंबईत आला की समोरच्या पुलावर जायचा आणि गाडी आली की काहीतरी हिरवं हलवायचा. रुमाल, पिशवी, कोथिंबिरीची जुडी, काहीही. नाना कॅमेरा झूम करून त्याचं नाव साऱ्या जगाला सांगायचे. आणि गॅलरीतल्या खिळ्यावर लटकवलेली गार्डाची हिरवी झेंडी काढून मनू उलटा सलाम द्यायची.

जिना चढून श्रेया गॅलरीत आली. पार टोकाला नाना कठडा धरून उभे होते.

“कोण? कमल काय?”

“मी आहे, नाना.”

“श्रेया, माझी चूक झाली गं! हितेंद्र चौकीवर सांगून आलाय. चाळीतली माणसं रेल्वेफाटकापर्यंत गेली.”

“पुलावर बघितलंत?”

“सगळ्यात आधी तेच बघितलं. पुलावर मनू नाही.”

ती वळली आणि डोक्यावरच्या दोरीवरून पाण्याचा थेंब तिच्या गालावर पडला. तिने वर पाहिलं.

दोरीवर पिवळा फ्रॉक वाळत होता.

३

तो फ्रॉक सकाळी तिनेच बादलीत भिजवला होता. काल संध्याकाळी मनूने त्यावर आमटी सांडली होती. ऑफिसात बसून तासभर ती तोच फ्रॉक स्क्रीनवर बघत होती, आणि एका क्षणालाही तिला तो आठवला नव्हता.

“मावशी,” तिने शेजारच्या दारात उभ्या असलेल्या कमलमावशीला विचारलं, “आज मनूने काय घातलं होतं?”

“शाळेतून इली ती निळ्या फ्रॉकात, नि तोच...” कमलमावशी अडखळली. दुपारभर मनूवर लक्ष ठेवायचं काम तिचं. डोळे रडून लाल झाले होते. “अगो बाय, पण टीव्हीवर तर पिवळो होतो!”

“टीव्हीवर?”

“काय सांगू तुका! मी आत पापड लाटी होतंय. टीव्हीवर नानांचा लाइव्ह लावून ठेवलेला. चेडू दिसता ना डोळ्यासमोर, मग भायर कित्याक येऊचा? मधी हाकसुद्धा मारली, ‘मनू, लाडू खातंस?’ टीव्हीतली मनू ढिम्म. म्हटलं, रुसली असात. आज शाळेतसून येताना मी तिका पेप्सीकोला घेऊक दिलंय नाय.”

“आणि नाना, तुम्ही?”

नाना खाली बघत म्हणाले, “मी आत स्क्रीनसमोर होतो. मनू समोरच दिसत होती.”

आजोबा, शेजारीण, आई. तिघांनी तिच्यावरची नजर ढळू दिली नव्हती. आणि तिघांपैकी एकानेही गॅलरीत डोकावून पाहिलं नव्हतं.

तिने मोबाइल वर धरला. स्क्रीनवर कालची मनू अजून शिट्टी मारत होती.

“हे कुणी लावलं?” ती ओरडलीच. “काल माझी पोर कुठे होती ते दाखवून आज कुठे नेलीय तिला?”

४

हितेंद्र जिन्यातच भेटला. लग्नाकार्याचं थेट प्रक्षेपण करणारा, तिशीतला, नेहमी वायरींच्या गुंडाळ्यात असलेला माणूस. श्रेयाचा चेहरा बघून त्याने पायरीवरच बसकण मारली.

“वहिनी, आईशप्पथ, मी मनूला हातही लावलेला नाही.”

“हे कालचं चित्र कुणाचं काम आहे?”

“ते माझं.” त्याने मान खाली घातली. “नव्या साइटला चित्र तुटलेलं चालत नाही. जरा जास्त वेळ तुटलं की लिंकच मारून टाकतात. मग नवीन पत्ता, पुन्हा माणसं गळणार. मागे तसं झालं तेव्हा नाना आठवडाभर धड जेवले नव्हते. म्हणून मी सेटिंग करून ठेवलं. कॅमेरा बंद पडला की आपोआप काल ह्याच वेळेचं रेकॉर्डिंग लागतं. ऊन तेच, सावली तीच, गाड्यांचं टाइमटेबल तेच. कॅमेरा परत सुरू झाला की ते आपोआप हटतं. कुणाला कळत नाही.”

“नानांना सांगितलंस?”

“नाही. म्हटलं, त्यांना कशाला घोर?”

म्हणजे तो जर्मन की जबलपूरवाला, त्याला कळलं होतं. कालचंच इंजिन. श्रेयाला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“पण हितेंद्र, म्हणजे आज कॅमेरा बंद पडलाय.”

दोघं धावत खोलीत गेले. खिडकीच्या चौकटीला बांधलेला कॅमेरा मेल्यासारखा काळा. त्याच्या वायरची पांढरी पिन बोर्डाखाली जमिनीवर लोळत होती.

“ही आपसूक निघत नाही,” हितेंद्र हळू आवाजात म्हणाला. “घट्ट बसवलीय मी. कुणीतरी ओढून काढलीय.” तो पिन उचलायला वाकला, तशी कमलमावशी ओरडली, “मेल्या, हात लावू नको! पोलीस येतले, ठसे घेतले!”

हात तिथेच थांबला.

श्रेयाने नानांकडे पाहिलं. “आज कोण आलं होतं घरात?”

नाना दाराकडे वळले. “दीपक.”

५

दीपक म्हणजे बिल्डरचा माणूस. चाळीच्या पुनर्विकासाला सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या, अडले होते एकटे नाना. बिल्डर तात्पुरती खोली देत होता ती अँटॉप हिलला, आणि तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती.

“आज भांडण झालं,” नाना म्हणाले. “तो म्हणाला, ‘नाना, ही खिडकी आता काही दिवसांची. तुमचा कॅमेरा बंद होणार तो होणारच. आपणहून बंद करा, शोभेल.’ मी म्हटलं, चल निघ. जाताना दारातून म्हणाला, ‘नातवंडाचा तरी विचार करा.’”

श्रेयाने दीपकचा नंबर लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ.

नातवंडाचा विचार करा. पिन ओढलेली. फोन बंद. अशा बातम्या ती रोज वाचायची आणि मनूच्या अंगावर पांघरूण सारखं करायची. उन्मेषला काय सांगायचं? समुद्रात कुठेतरी, नेट मिळालं की तोही हेच चित्र उघडायचा. तोही आत्ता पिवळा फ्रॉक बघून हसत असेल?

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. कमलमावशी मघाशीच खाली गेली होती. ती दीपकला शर्टाच्या मानेला धरून वर आणत होती.

“हो मेलो मंडळाच्या ऑफिसात बसान चाय ढोसता! विचार तेका!”

“अहो मावशी, शर्ट फाटेल! वहिनी, काय झालंय काय?”

“मनू कुठाय?” श्रेयाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. “फोन का बंद आहे तुझा?”

“मेलाय फोन! सकाळपासून चार्जिंग नाही. इथे आलो तेव्हा नानांच्या बोर्डवर लावला, पण भांडण झालं नि...” तो थांबला. सगळे जण बोर्डाकडे बघत होते.

“कुठल्या पिनच्या जागी लावलास?”

“एक पांढरी होती. तिचा दिवाबिवा काही लागत नव्हता, म्हटलं बंदच असेल. ती काढली.” दीपक एक पाऊल मागे सरकला. “परत लावायची राहिली. नाना अंगावर आले ना. पण मनू? आईच्यान, वहिनी, मला पण दोन पोरी आहेत. नातवंडाचं म्हटलं ते नव्या घरात लिफ्ट मिळेल, संडास आत मिळेल म्हणून म्हटलं!”

“तू आलास तेव्हा मनू कुठे होती?”

“गॅलरीत. त्या क्रेटमध्ये. निळा फ्रॉक. मी आत भांडत होतो, ती दारातून बघत होती. मला म्हणाली पण, ‘काका, आजच बंद करणार?’”

“काय बंद करणार?”

“कॅमेरा. मी चिडलेला. म्हटलं, ‘हो, आजच.’”

६

श्रेया गॅलरीत परत गेली. मागे सगळे एकमेकांवर ओरडत होते. कुणी दीपकला पोलिसांत द्या म्हणत होतं, कुणी हितेंद्रला. तिने कानांवर हात दाबले. कुणी नेलं, हा प्रश्न ती मघापासून सगळ्यांना विचारत होती. कुणी नेलंच नसेल तर?

एका हातात मोबाइल, त्यात कालची गॅलरी. समोर आजची. दोन चित्रांत फरक शोधायचा खेळ मनू किती आवडीने खेळायची. काल दोरी रिकामी, आज फ्रॉक. काल क्रेटमध्ये पोर, आज रिकामा क्रेट. काल तुळशीची कुंडी, आजही तीच. काल खिळ्यावर...

तिने मोबाइल डोळ्यांशी नेला. मग भिंतीकडे पाहिलं.

काल खिळ्यावर हिरवी झेंडी होती. आज नुसता खिळा.

“नाना!” नाना बाहेर आले. “मनू तुमच्याकडे पुलावर जायचा हट्ट करायची ना?”

“रोज! मी म्हणायचो, मोठी झालीस की जा. पुलावरून झेंडी हलव. मी झूम करून तुझं नाव सांगेन, मग जहाजावर तुझ्या बाबाला...” नाना मध्येच थांबले. “पण पुलावर नाही ती. मी बघितलं.”

“कसं बघितलंत?”

नाना पुलाकडे तोंड करून उभे राहिले.

“मी गॅलरीत आले तर तुम्ही विचारलंत, कोण, कमल काय? क्रेट रिकामा आहे हे तुम्हाला हात घालून कळलं. नाना, खरं सांगा, इथून तो पूल तुम्हाला दिसतो?”

नानांनी कठडा घट्ट धरला. “दिवाळीपासून नाही दिसत, पोरी. नुसतं धुकं. म्हटलं उन्मेष आला की ऑपरेशन करू. तोवर स्क्रीन आहेच. त्यावर सगळं मोठं करून दिसतं.” आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. तोंडावर हात गेला. “अगं आई गं. मी पूल स्क्रीनवर बघितला.”

“तो कालचा पूल होता, नाना.”

श्रेयाने समोर पाहिलं. पुलाच्या दोन्ही बाजूंना पत्रे, मोठ्या माणसाच्या खांद्यापर्यंत. वरून नुसती डोकी सरकताना दिसत होती. पाच वर्षांचं पोर त्या पत्र्याआड उभं असलं तर ह्या चाळीतल्या कुणालाही दिसणार नव्हतं. दिसली असती ती फक्त वर केलेली झेंडी. आणि तीसुद्धा गाडी आली तर, आणि कुणी डोळ्यांनी बघत असेल तर.

काका म्हणाले, आज कॅमेरा बंद होणार. आजच टाटा करायला हवा.

“हितेंद्र, पिन लाव!” ती जिन्याकडे धावता धावता ओरडली. “ठसेबिसे गेले खड्ड्यात, पिन लाव!”

७

ती कशी पोचली हे तिला नंतर सांगता आलं नाही. चपला पायात होत्या की नव्हत्या, रस्ता ओलांडताना कोण शिव्या देऊन गेलं. डोक्यात एकच होतं. जिना, पत्रा, खाली रूळ, आणि टाचा उंचावणारी मनू. पत्र्याला कुठे भोक असेल का? ती चढायला जाईल का? देवा, तिने काही पायाखाली घेतलं नसेल ना?

पुलाच्या मध्यावर, पत्र्याला पाठ लावून, निळ्या फ्रॉकातली मनू फतकल मारून बसली होती. मांडीवर झेंडी. समोर एक बाई ओणवून बोलत होती. पर्स काखेला, ट्रेन चुकवून थांबलेली दिसत होती.

“तुम्ही आई का हो हिच्या?” बाई तडकून म्हणाली. “केव्हाची विचारतेय, सोबत कोण आहे, तर एकच उत्तर. ‘आई बघतेय मला.’ कुठून, तर म्हणे त्या खिडकीतून. मघाशी आणखी दोघांनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. ते खिडकीकडे बघून गेले निघून. मला काही पटेना.”

श्रेयाने मनूला उचलून इतकं घट्ट धरलं की पोर ओरडली, “आई, झेंडी मोडेल!” खाली गाडीचे शेवटचे डबे पुलाखालून निघून जात होते. ती बाई पुटपुटली, “सांभाळा हो,” आणि जिन्याकडे वळली.

“आई, मी सगळ्या गाड्यांना केलं. दमले म्हणून बसले. आत्ताच्या मोठ्या गाडीला पण उठून केलं.” मनूने तिच्या मानेत तोंड खुपसलं. “दिसले ना मी तुला?”

श्रेयाने तोंड उघडलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

हातातला मोबाइल थरथरला. हितेंद्रचा मेसेज, ‘कॅमेरा चालू.’ तिने चित्र उघडलं. दोरीवर पिवळा फ्रॉक. खिळा रिकामा. क्रेट रिकामा. आजचं चित्र. नानांनी झूम केलं असावं. पूल हळूहळू मोठा होत स्क्रीनभर झाला.

पण पुलावर त्या दोघी नव्हत्या.

“आई, आपण कुठे आहोत?” मनू मोबाइलमध्ये वाकून म्हणाली.

“थांब. अर्ध्या मिनिटाने येऊ आपण.”

स्क्रीनवर मोठी गाडी पुलाखाली शिरत होती. तीच, जी आत्ता समोरून निघून गेली होती. पत्र्याच्या वर माणसांची डोकी आपापल्या वाटेने चालली होती. आणि त्यांच्या मधोमध, पत्र्याच्या काठावर, हिरव्या झेंडीचं एवढंसं टोक वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं. हलवणारा हात दिसत नव्हता. मोबाइलमधून आधी कमलमावशी ओरडली, “ती बघा झेंडी!” आणि मग नानांचा आवाज आला, फाटलेला, “पुलावरून मनू आलीय! आमची मनू, चिंचपोकळीची!”

टोक खाली गेलं ते पुन्हा वर आलं नाही.

मग स्क्रीनच्या कडेने एक बाई धावत आली. केस सुटलेले, ओढणी एका खांद्यावरून लोंबणारी. ती पत्र्याआड खाली वाकली, नाहीशी झाली, आणि उठली तेव्हा तिच्या कडेवर निळ्या फ्रॉकातली पोर होती.

“आत्ता दिसलीस,” श्रेया म्हणाली.